सहा भोकं आणि चाळीस पट्ट्या

मित्रांनो, मी एक जुना लाकडी स्टँड आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या परीक्षानळ्या उभ्या ठेवायला वापरतात ना, तसला. माझ्या वरच्या फळीला सहा भोकं आहेत, माझा एक पाय आखूड आहे आणि पाठीवर लाल रंगाची फुली आहे. ही फुली म्हणजे मी कामातून बाद झाल्याची खूण. पण गंमत अशी, की माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मी ही फुली पाठीवर घेऊनच केलं. तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म एका सुताराच्या रिकाम्या अर्ध्या तासात झाला. तो शाळेच्या नव्या प्रयोगशाळेत टेबलं बसवायला आला होता. काम संपलं, चहा यायला वेळ होता आणि समोर सागाच्या फळीचा एक तुकडा उरलेला. हात रिकामे ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने तुकडा कापला, दोन फळ्या केल्या, मधे पाय बसवले आणि वरच्या फळीला भोकं पाडायला घेतली. पाच भोकं अगदी सारखी उतरली. सहाव्याच्या वेळी चहा आला, त्याचं लक्ष गेलं आणि गिरमिट जरा भरकटलं. ते भोक चांगलं दुप्पट मोठं झालं. त्याने ते पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत केलं, माझ्याकडे मान तिरपी करून पाहिलं आणि चहा प्यायला गेला. त्या भोकात कुठलीही नळी सरळ उभी राहिली नाही. ती आपली एका बाजूला कलून, भिंतीला टेकल्यासारखी उभी राहायची. मुलांनी त्याचं नाव आळशी भोक ठेवलं होतं.

तिसऱ्या टेबलावर मी बावीस वर्षं काढली. रसायनं काय असतात हे मी पुस्तकातून शिकलो नाही, ती माझ्या अंगाखांद्यावर घडली. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा टाकला की तो तांबूस व्हायचा आणि पाण्याचा निळा रंग उतरत हिरवट व्हायचा. दोन पाण्यासारखी पारदर्शक द्रावणं एकत्र केली की नळीत एकदम पिवळाधमक साका धरायचा आणि मागच्या बाकावरची मुलंही पुढे धावायची. एकदा तपासणीसाठी आलेल्या साहेबांनी माझ्यातल्या सहा नळ्यांचे सहा रंग बघून, किती सुंदर, असं म्हटलं होतं. ते नळ्यांना म्हणाले होते, पण मी ते स्वतःकडे घेतलं.

माझ्या नोकरीच्या नवव्या वर्षी मावशी आल्या. त्या प्रयोगशाळेच्या परिचर होत्या. नळ्या धुणं, बाटल्या पुसणं, प्रयोगाचं सामान मांडणं आणि उचलणं, हे त्यांचं काम. मुलं त्यांना मावशी म्हणायची, शिक्षकही मावशीच म्हणायचे, त्यामुळे त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते ऐकू यायचं. मावशी दहावीपर्यंत शिकलेल्या होत्या. पण कुठल्या बाटलीचं बूच अडकतं, कुठल्या टेबलाचा नळ गळतो, कुठलं द्रावण जुनं झालं, हे त्या वासावरून आणि रंगावरून सांगायच्या. मला धुताना त्या माझी भोकंसुद्धा आतून पुसायच्या. तेवढी काळजी माझी कुणीच घेतली नव्हती.

मग प्लॅस्टिकचे पांढरे स्टँड आले. हलके, चकचकीत, आम्लाने डाग न पडणारे. मला कपाटावर ठेवलं गेलं. तिथे चार वर्षं मी धूळ खात होतो, म्हणजे शब्दशः. रंगकाम निघालं तेव्हा कुणीतरी मला वरून खाली टाकलं आणि माझ्या पायाचा तुकडा उडाला. त्याच आठवड्यात जुन्या सामानाची मोजदाद झाली आणि माझ्या पाठीवर ही लाल फुली आली. मोडीत जाणाऱ्या ढिगात मी पडलो होतो. मावशींनी मला ओळखलं. त्यांनी ऑफिसात जाऊन रीतसर विचारलं, हेडमास्तरांनी हसून मान डोलावली आणि संध्याकाळी मी जेवणाच्या डब्याशेजारी, कापडी पिशवीत बसून मावशींच्या घरी गेलो.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत मावशींच्या यजमानांचं शिवणाचं दुकान. ते शिंपी. गळ्यात कायम टेप, कानावर खडू, बोलणं मोजकं. मधे एक पडदा आणि पडद्याच्या मागे स्वयंपाकघर. मला ओट्यावर खिडकीशी ठेवलं आणि माझ्या भोकांत चमचे, डाव आणि उलथनी उभी राहिली. आळशी भोकात लाटणं अगदी फिट्ट बसलं. खोटं कशाला बोलू, मला सुरुवातीला फार कमीपणा वाटला. ज्या भोकांनी आम्लाच्या नळ्या सांभाळल्या त्यांत आता उलथनं. पण मावशी रोज मला पुसायच्या, त्यामुळे हळूहळू मीही रुळलो.

असं वर्षभर चाललं. मग मावशींच्या परीक्षेचं प्रकरण माझ्या कानावर येऊ लागलं.

प्रयोगशाळेतले सहायक काका त्या वर्षी निवृत्त होणार होते. त्यांच्या जागेसाठी आतल्या माणसांना एक लेखी परीक्षा देता येत होती. ती तीनदाच देता यायची. मावशी दोनदा बसल्या होत्या आणि दोनदा नापास झाल्या होत्या. पहिल्या वेळी चार गुणांनी, दुसऱ्या वेळी नऊ गुणांनी. म्हणजे अभ्यास वाढला आणि गुण कमी झाले. हेच त्यांना समजत नव्हतं. तिसऱ्या वेळीही गेलं तर जागा बाहेरच्या माणसाला मिळणार होती आणि मावशींची बदली फाटकावर होणार होती. पगारात फरक नव्हता. पण एकोणीस वर्षं ज्या खोलीत गेली ती सोडून फाटकावर बसायचं, हे त्यांना काही केल्या नको होतं.

अडचण एकच होती. परीक्षेला चाळीस रासायनिक समीकरणांची यादी होती. कशात काय मिसळलं की काय तयार होतं आणि दोन्ही बाजूंचा हिशेब जुळवायला कुठे कुठला आकडा लिहायचा, हे सगळं. मावशींनी ती यादी पाढ्यासारखी पाठ केली होती. भाजी चिरताना, केस विंचरताना, नळ्या धुताना त्यांचं सुरू असायचं. यजमानांनासुद्धा कपडा कापताना ती चाल ओठांवर यायला लागली होती.

एके दिवशी प्रयोगशाळेत रसायनशास्त्राच्या बाईंनी त्यांना असं पुटपुटताना पाहिलं. बाई कडक होत्या. त्यांचंही नोकरीचं शेवटचंच वर्ष होतं आणि त्या फारशा कुणाशी गप्पा मारत नसत. त्यांनी सहज विचारलं, की चुन्याच्या निवळीत कार्बन डायऑक्साइड सोडला तर काय होतं, ते समीकरण सांगा. मावशींनी डोळे मिटले आणि जस्त अधिक हायड्रोक्लोरिक आम्ल, इथून सुरुवात केली. ते यादीतलं पहिलं. विचारलेलं होतं तेविसावं. मावशी एकामागून एक पायऱ्या चढत होत्या आणि बाई शांतपणे स्टूल ओढून बसल्या. चौदाव्याला मावशी अडकल्या, परत पहिल्यापासून निघाल्या आणि मग त्यांचं त्यांनाच हसू आलं आणि लगेच रडूही.

हे सगळं मावशींनी संध्याकाळी ओट्याशी उभं राहून यजमानांना सांगितलं, म्हणून मला कळलं. बाई त्यांना म्हणाल्या होत्या, "मावशी, तुम्हाला समीकरणं येतात. पण तुम्ही ती एका दोरीत ओवली आहेत. मधला मणी हवा असला तरी तुम्हाला पहिल्यापासून ओढत यावं लागतं. परीक्षेत तेवढा वेळ कुणी देत नाही."

आणि मग बाईंनी उपाय सांगितला होता. प्रत्येक समीकरणाची एक वेगळी पट्टी करायची. पुढे डावी बाजू, मागे उजवी. पट्ट्या पिसायच्या, कुठलीही काढायची, मागे न बघता उत्तर द्यायचं. सहा कप्पे करायचे. सगळ्या पट्ट्या पहिल्या कप्प्यातून निघतात. बरोबर आलं की पट्टी पुढच्या कप्प्यात जाते. चुकलं की ती कुठेही असली तरी थेट पहिल्यात परत येते. पहिला कप्पा रोज उघडायचा, दुसरा एक दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्याने, पाचवा पंधरवड्याने आणि सहावा महिन्याने. जे येतं त्याच्यावर वेळ घालवायचा नाही. जे येत नाही ते पुन्हा पुन्हा समोर आलं पाहिजे.

यजमान म्हणाले, सहा कप्प्यांची पेटी करून घेऊ.  मावशी माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी एकेक करून चमचे काढले, उलथनी काढली, लाटणं काढलं, मला राखेने घासून, धुऊन, उन्हात ठेवलं.

मित्रांनो, त्या दुपारी खिडकीत वाळत असताना मला जे वाटलं ते तुम्हाला कसं सांगू. रिकामा होतो, पण नुसता पडून नव्हतो.

शर्टाच्या खोक्यांतला पातळ पुठ्ठा यजमानांकडे ढिगाने होता. त्यांनी त्यांच्या मोठ्या कात्रीने चाळीस पट्ट्या कापल्या, एकीची कड दुसरीहून लांब नाही की आखूड नाही. मावशींनी दोन दिवस बसून त्या लिहिल्या. माझ्या पहिल्या भोकात दहाच पट्ट्या मावत होत्या. मावशींना वाटलं, ही अडचण झाली. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, हेच बरं आहे, एका वेळी दहाच घ्या, त्यातली एखादी पुढे सरकली की नवी आत घाला. मावशींना सगळं एकदम उचलायची सवय होती. माझ्या अरुंद भोकाने त्यांना ती सोडायला लावली, याचा मला आजही अभिमान आहे.

बाईंनी आणखी एक गोष्ट केली. चुन्याच्या निवळीची नळी त्यांनी मावशींच्या हातात दिली आणि तीत फुंकायला लावलं. निवळी दुधासारखी पांढरी झाली. बाईंनी विचारलं, हे तुम्ही किती वेळा पाहिलंय. मावशींनी मनात हिशेब केला. वर्षाला चार तुकड्या, एकोणीस वर्षं. बाई म्हणाल्या, मग अक्षरं कशाला आठवता, नळी आठवा.

तेव्हापासून मावशी पट्टी हातात आली की आधी डोळ्यांसमोर नळी आणू लागल्या. मॅग्नेशियम म्हटलं की डोळे दिपवणारा पांढरा उजेड आणि मागे उरणारी भुकटी. चुनखडीवर आम्ल म्हटलं की फसफस. मग त्या ओल्या बोटाने ओट्याच्या काळ्या फरशीवर समीकरण लिहायच्या. पाणी दोन मिनिटांत वाळायचं आणि फरशी पुन्हा कोरी व्हायची. बघून लिहायला काही उरायचंच नाही, त्यामुळे दर वेळी डोक्यातूनच काढावं लागायचं.

यजमानांनाही यात भाग घ्यायचा होता. त्यांनी एका दुपारी गिऱ्हाईक नसताना प्रत्येक पट्टीला रंगीत दोऱ्याचा एकेक टाका घातला. पिवळा साका असेल तर पिवळा, मोरचुदाला निळा, दुधाळ निवळीला पांढरा. काम इतकं सुबक होतं की मावशी हरखून गेल्या. पुढचे दहा दिवस सगळी उत्तरं फटाफट येऊ लागली. मावशींनी मोठ्या उत्साहाने पट्ट्या बाईंना दाखवायला नेल्या. बाईंनी दोऱ्यावर अंगठा ठेवला आणि विचारलं. उत्तर चुकलं. त्या पट्टी वाचतच नव्हत्या, नुसता दोरा बघत होत्या. परीक्षेच्या पेपरला कोण दोरे लावणार?

घरी येऊन मावशींनी कात्रीच्या टोकाने ते चाळीसही टाके काढले. यजमान समोर बसून बघत होते. शिंप्याला स्वतःचं शिवण उसवताना बघणं सोपं नसतं. पण ते एवढंच म्हणाले, "भोकं राहतील गं थोडी." आणि त्यांनी सगळे दोऱ्याचे तुकडे गोळा करून पुडीत ठेवले.

रोज संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी अर्धा तास ते मावशींची उजळणी घ्यायचे. त्यांना रसायनातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण दोन मापं जुळतात की नाही हे बघणं हा त्यांचा धंदाच. ते पट्टीच्या मागचं अक्षर न् अक्षर फरशीवरच्या ओल्या अक्षराशी ताडून बघायचे. मावशींच्या चुका बहुतेक एकाच जातीच्या होत्या. पदार्थ बरोबर यायचे, पण त्यांच्या आधीचे आकडे चुकायचे. कुठे दोन हवा तिथे तीन, कुठे काहीच नाही.

एकदा यजमान वैतागून म्हणाले, की हे पुढचे आकडे असतात तरी कशाला. मावशींनी त्यांना समजावलं, की बाणाच्या डावीकडे प्रत्येक मूलद्रव्याचे जेवढे कण, तेवढेच उजवीकडे निघाले पाहिजेत. हवेतून नवे येत नाहीत आणि असलेले नाहीसे होत नाहीत.

यजमानांनी हातातली कात्री खाली ठेवली.

"म्हणजे जेवढं कापड घेतलं तेवढंच शिवलं गेलं पाहिजे. चिंध्यासुद्धा धरून," ते म्हणाले. "मग हे पाठ कशाला करतेस? मोजून काढ की."

 मग यजमानांना जोर चढला. समोरच्या पट्टीवर एका बाजूला ऑक्सिजन कमी पडत होता, तर त्यांनी सुचवलं, की पाण्यात तो जो ऑक्सिजन आहे त्याच्या पायाशी दोनचा आकडा लिहून टाक, झालं. मावशी हसायला लागल्या.

"शर्ट पुरत नाहीत म्हणून एकाच शर्टाला चार बाह्या लावाल का?" त्यांनी विचारलं. "पाणी कसं शिवलंय ते ठरलेलं आहे. त्याला हात लावायचा नाही. किती शर्ट शिवायचे, तेवढंच आपल्या हातात."

हे वाक्य बोलून त्यांनी फरशीवरचं समीकरण पुसलं आणि मोजून पुन्हा लिहिलं. मला वाटतं, एकोणीस वर्षं जे डोळ्यांना दिसत होतं आणि दोन परीक्षा जे डोक्यात शिरत नव्हतं, ते त्या क्षणी एका जागी आलं. त्या दिवसापासून त्यांनी आकडे पाठ करणं सोडून दिलं. पदार्थ तेवढे लक्षात ठेवायचे, आकडे मोजून काढायचे. चाळीस समीकरणांचं ओझं निम्म्याने उतरलं. पट्ट्या माझ्या एका भोकातून दुसऱ्यात सरकू लागल्या. शेवटच्या भोकात पक्क्या झालेल्या पट्ट्या जमा व्हायच्या आणि ते मोठं असल्यामुळे कितीही आल्या तरी मावत होत्या. आळशी भोकाला शेवटी काम मिळालं.

एक पट्टी मात्र हटवादी निघाली. पोटॅशियम परमँगनेट आणि हायड्रोक्लोरिक आम्ल, यादीतलं सगळ्यात लांबलचक समीकरण. ती तिसऱ्या भोकापर्यंत जायची आणि मान खाली घालून पहिल्यात परत यायची. तिचे कोपरे झिजून गोल झाले होते.

परीक्षेला अकरा दिवस उरले होते तेव्हा ती गोष्ट घडली. यजमान घाईत होते. गिऱ्हाईक बाहेर उभं आणि खडू सापडेना. तो शोधायला ते स्वयंपाकघरात आले, त्यांचा हात मला लागला, माझा आखूड पाय घसरला आणि मी ओट्यावरून खाली गेलो. चाळीसही पट्ट्या जमिनीवर पसरल्या. मावशी तेव्हा शाळेत होत्या. यजमानांच्या तोंडचं पाणी पळालं. तीन महिन्यांची मांडणी होती ती. कुठली पट्टी कुठल्या भोकातली, हे त्यांना कसं कळणार? त्यांनी सगळ्या गोळा केल्या, सहा साधारण सारखे गठ्ठे केले, मला पुसलं, गठ्ठे माझ्यात उभे केले आणि मला होतो तिथेच ठेवून काही झालंच नाही असा चेहरा करून बाहेर गेले. मी बोलू शकत असतो तर तेव्हा बोललो असतो.

त्या संध्याकाळी त्यांनी कामाचं निमित्त सांगून उजळणी टाळली. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी सहाव्या भोकातली पट्टी उचलली. परमँगनेट. त्यांनी दुसरं भोक बघितलं, तिसरं बघितलं आणि त्या जमिनीवर बसल्याच. यजमान पडद्याआडून सगळं बघत होते. त्यांना राहवलं नाही. ते आत आले आणि सांगून मोकळे झाले.

मावशी रागावल्या नाहीत.  त्यांनी एवढंच सांगितलं, की त्यांना आपल्या डोक्याचा भरवसा नव्हता, तो त्या भोकांवर होता. आता कुठलं येतं आणि कुठलं येत नाही हेच कळेनासं झालं.

यजमान त्यांच्यासमोर खाली बसले. त्यांनी सगळ्या पट्ट्या बाहेर काढल्या, पत्त्यासारख्या पिसल्या आणि पहिली धरली. "सांग," ते म्हणाले. मावशींनी सांगितली. दुसरी. तिसरी. बरोबर आली ती उजव्या मांडीशी, चुकली ती डाव्या. दुकानाचं दार उघडायची वेळ टळून गेली. कुणीतरी बाहेरून हाक मारली, तर यजमानांनी आतूनच सांगितलं, की उद्या या.

शेवटची पट्टी झाली तेव्हा डाव्या मांडीशी तीन होत्या. उजव्या मांडीशी सदतीस.

मावशींनी त्या पुन्हा मोजल्या. मग त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि यजमानांना विचारलं, "मला एवढं येतंय?"

"मला काय विचारतेस," ते म्हणाले. "मी फक्त पट्ट्या धरल्या."

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की मी पट्ट्या सांभाळत होतो, पण समीकरणं केव्हाच मावशींकडे गेली होती. मला याचं जराही वाईट वाटलं नाही. स्टँडचं काम उभं ठेवण्याचं असतं. जे स्वतः उभं राहायला लागलं, त्याला सोडायचंही असतं.

परीक्षेच्या दिवशी मी घरीच होतो. तिथे काय झालं ते मावशींनी आल्या आल्या, चप्पलही न काढता सांगितलं. पेपरात बारा समीकरणं होती, यादीचा क्रम सोडून, कुठून कुठून उचललेली. अकरा त्यांनी एकामागून एक लिहिली. बारावं परमँगनेटचं होतं. पदार्थ आठवले, कारण क्लोरीनचा तो घसा धरणारा वास विसरणं त्यांना शक्य नव्हतं. आकडे मात्र कोरे. मग त्यांनी समासात मोजायला घेतलं. परमँगनेटमधे ऑक्सिजन चार, म्हणजे पाणी चार. चार पाण्यांना हायड्रोजन आठ, म्हणजे आम्ल आठ. आठ आम्लांतून क्लोरीन आठ निघाले. त्यातला एक पोटॅशियमकडे गेला, दोन मँगनीजकडे गेले, उरले पाच. आणि क्लोरीन वायू तर जोडीनेच राहतो.

"पाच बाह्या उरल्या," मावशी यजमानांना म्हणाल्या. "पाच बाह्यांचे शर्ट किती होतात?"

यजमानांनी बोटांवर मोजलं. "अडीच. पण अर्धा शर्ट कोण घेतो? दुप्पट कापड घ्यायचं. पाच शर्ट होतील."

"तेच केलं," मावशी म्हणाल्या. "सगळंच दुप्पट केलं आणि जुळलं."

निकाल महिन्याने आला. पन्नासपैकी पंचवीस हवे होते, मावशींना अडतीस मिळाले. सहायक काकांनी निवृत्तीच्या दिवशी कपाटाच्या किल्ल्या त्यांच्या हातात ठेवल्या. शाळेत आता त्यांना नव्या हुद्द्याने हाक मारावी असं ठरलं होतं, पण मुलांनी ते काही मनावर घेतलं नाही. त्या मावशीच राहिल्या. मला प्रयोगशाळेत परत न्यावं असं एकदा त्यांच्या मनात आलं होतं. पण माझ्या पाठीवर फुली होती आणि मावशी आता नियम सांभाळणाऱ्या माणूस होत्या. त्यांनी मला घरीच ठेवलं. चमच्यांसाठी नवा डबा आला.

काही दिवस मी रिकामाच होतो. मग एका रविवारी रसायनशास्त्राच्या बाई घरी आल्या. त्या निवृत्त होऊन दोन महिने झाले होते आणि रिकामा वेळ त्यांना खायला उठत होता. नातीसाठी स्वतःच्या हाताने फ्रॉक शिवायची त्यांची फार इच्छा होती. पुस्तकं वाचून झाली, पण कुठलं माप कशाच्या कितवा हिस्सा, हे काही केल्या डोक्यात राहत नव्हतं. यजमानांकडून शिकता येईल का, हे विचारायला त्या अगदी संकोचत आल्या होत्या.

यजमानांनी मान डोलावली. आत येऊन त्यांनी पुठ्ठा काढला आणि दहा पट्ट्या कापल्या. दहाच. मावशींनी त्या सुवाच्य अक्षरात लिहून दिल्या आणि मला ओट्यावरून उचलून पुढच्या खोलीत, मशीनशेजारी ठेवलं. पुढच्या रविवारी यजमानांनी पहिली पट्टी धरली आणि गळ्याची रुंदी छातीच्या कितव्या हिश्शाएवढी, असं विचारलं. बाईंनी आयुष्यभर हजारो मुलांना प्रश्न विचारले होते. त्या चाचरल्या आणि म्हणाल्या, आठवा.

"बारावा," यजमान म्हणाले आणि त्यांनी पट्टी शांतपणे पहिल्या भोकात परत ठेवली.

बाईंचा चेहरा पडला. मावशी दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, बाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बाई, चुकली ती उद्या परत भेटणार. तुम्हीच सांगितलं होतं."

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्या घरात माझ्यासारखं काही जुनंपुराणं असेल तर ते टाकण्याआधी एकदा उचलून, फिरवून बघा. आणि तुम्हाला एखादी गोष्ट आठवली नाही, तर स्वतःच्या पाठीवर अशी लाल फुली मारू नका. ती पट्टी पहिल्या भोकात ठेवा आणि उद्या सकाळी पुन्हा हातात घ्या. मी पाहिलंय, ती सरकते. चौथ्या रविवारी बाईंच्या दहापैकी सहा पट्ट्या दुसऱ्या भोकात होत्या, आणि नातीच्या फ्रॉकची एक बाही, थोडी वाकडी पण त्यांची स्वतःची, मशीनवर शिवून तयार होती.